गुरूपासून सहाय्यकापर्यंत: जपानमधील परदेशी इंग्रजी शिक्षकाचा प्रवास

पदवी हाती पडल्यावर एक-दोन वर्षे जपानला जावे आणि तेथील एखाद्या गावच्या शाळेत इंग्रजीचा सहाय्यक शिक्षक म्हणून काम करावे, ही वाट अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील तरुणांच्या आता चांगलीच परिचयाची झालेली आहे. १९८७ साली जपान सरकारने 'जेट' या नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २००२ साली ही संख्या ६,२७३ वर गेली. नेमणूक एका वर्षाची असते. ती वाढवता येते, पण पाच वर्षांपलीकडे नाही. येणाऱ्याकडे कोणत्याही विषयाची पदवी असली तरी चालते. त्याने शिक्षणशास्त्राचा अभ्यास केलेला असावा किंवा त्याला जपानी येत असावे, अशी अट नाही. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे असते आणि हा परदेशी पाहुणा त्याचा 'सहाय्यक' असतो.

या 'सहाय्यक' शब्दाला इतिहास आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हेच काम करण्यासाठी जो परदेशी मनुष्य जपानमध्ये येत असे, तो कोणाचाही सहाय्यक नव्हता. तो 'गुरू' होता. त्याला राजधानीतील मोठ्या अधिकाऱ्यांच्या तोडीचे वेतन मिळे आणि त्याच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द विद्यार्थी वहीत उतरवून घेत. मधल्या काळात इंग्रजीचे जागतिक महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. मग इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसाची पायरी खाली का आली? याचे उत्तर जपानी माणसाच्या परभाषाद्वेषात शोधण्याची प्रथा आहे. आमच्या मते ते उत्तर अपुरे आहे. ही पायरी खाली आली ती मुख्यतः जपानी भाषा वर गेल्यामुळे. आणि हे होताना काही गोष्टी जपानच्या हातून निसटल्याही. या दोन्ही बाजू मराठीच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहाव्यात अशा आहेत.

जाळीआडचा पहिला शिक्षक

जपानमध्ये आलेला इंग्रजीचा पहिला 'मूळ भाषक' शिक्षक कैदी होता. रॅनल्ड मॅकडोनल्ड हा १८२४ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मला. त्याचे वडील हडसन्स बे कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश गृहस्थ होते आणि आई चिनूक जमातीच्या प्रमुखाची कन्या. जपानमध्ये परकीयांना प्रवेश निषिद्ध होता, तरीही तेथे जायचेच, या हट्टाने १८४८ साली तो देवमासे पकडणाऱ्या एका जहाजावरून लहानशा होडीत उतरला आणि उत्तरेकडील रिशिरी बेटाला लागला. अर्थातच त्याला अटक झाली. पुढे त्याला नागासाकीला नेऊन बंदिवासात ठेवण्यात आले.

नागासाकीला डच व्यापाऱ्यांशी व्यवहार करणाऱ्या दुभाष्यांची पिढीजात घराणी होती. १८०८ साली 'फेटन' हे ब्रिटिश लढाऊ जहाज डच निशाण लावून नागासाकीच्या बंदरात शिरले होते. त्या धक्क्यानंतर दुभाष्यांनी इंग्रजी शिकावे असा हुकूम निघाला. पण शिकवणार कोण? एका डच अधिकाऱ्याकडून ते मोडकेतोडके शिकले. मॅकडोनल्डच्या रूपाने इंग्रजी मायबोली असलेला माणूस प्रथमच हाती लागला. बंदिवासातील लाकडी जाळीच्या एका बाजूला शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला चौदा विद्यार्थी, असा तो वर्ग होता. एकेकाने वाचायचे आणि त्याने उच्चार सुधारायचा. १८४९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी नौदलाचे जहाज त्याला घेऊन गेले आणि वर्ग संपला. त्या चौदांपैकी मोरियामा एइनोसुके यांनी पुढे १८५४ साली कमोडोर पेरी यांच्याशी झालेल्या वाटाघाटींत दुभाष्याचे काम केले.

या प्रसंगाला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शिक्षक हवा, पण तो जाळीआड हवा. त्याची भाषा घ्यायची, पण तिच्याबरोबर येणारी सत्ता घ्यायची नाही, हा विचार येथेच दिसतो. पुढच्या काळात जाळी गेली, करारपत्र आले. विचार मात्र फारसा बदलला नाही.

पगारी गुरू

१८५९ साली फुकुझावा युकिची हे तरुण विद्वान नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेले. त्यांनी अनेक वर्षे खपून डच भाषा आत्मसात केली होती. बंदरातल्या दुकानांवरील पाट्या मात्र त्यांना वाचता येईनात, कारण तेथे इंग्रजी चालत होती. आपली विद्या कालबाह्य झाली आहे हे ओळखून त्यांनी नव्याने इंग्रजीचा श्रीगणेशा केला. त्यांच्या आत्मचरित्रातला हा प्रसंग म्हणजे एका पिढीची कथाच आहे.

१८६८ नंतर मेइजी राजवटीने परकीय तज्ज्ञ पगारावर आणण्याचा सपाटा लावला. रेल्वे, टांकसाळ, कायदा, वैद्यक, शेती, शिक्षण अशा सर्व खात्यांत हे 'ओयातोई', म्हणजे नोकरीवर ठेवलेले परदेशी, दिसू लागले. ओसाकाच्या टांकसाळीचे प्रमुख किंडर यांना दरमहा १,०४५ येन मिळत. त्या वेळी राज्यकारभारातील सर्वोच्च पदावर असलेल्या सान्जो सानेतोमी यांचे वेतन ८०० येन होते. शिक्षकांना एवढे मिळत नसले, तरी जपानी सहकाऱ्यांच्या कितीतरी पट मिळे. अमेरिकेहून आलेले विल्यम ग्रिफिस १८७१ साली फुकुईला विज्ञान शिकवत होते. १८७६ साली साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात आलेले विल्यम क्लार्क जेमतेम आठ महिने राहिले, तरी त्यांचे नाव आजही जपानी शाळकरी मुलाला ठाऊक असते. १८७७ साली स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात सुरुवातीला बहुतेक विषय परदेशी प्राध्यापक इंग्रजीतून शिकवीत. या पिढीतील जपानी विद्वानांचे इंग्रजी असामान्य होते. नितोबे इनाझो यांचे 'बुशिदो' आणि ओकाकुरा काकुझो यांचे 'द बुक ऑफ टी' ही जगभर गाजलेली पुस्तके भाषांतरे नव्हेत. ती मुळात इंग्रजीतच लिहिली गेली.

याच वातावरणात मोरी आरिनोरी यांनी आपला प्रसिद्ध प्रस्ताव मांडला. ते वॉशिंग्टनमध्ये जपानचे प्रतिनिधी होते. १८७२ साली येल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ व्हिटनी यांना पत्र लिहून त्यांनी विचारले की, जपानने इंग्रजी, तीही नियमबद्ध करून सोपी केलेली इंग्रजी, आपलीशी केली तर कसे होईल? जपानी भाषा आधुनिक ज्ञानव्यवहाराला पुरेशी नाही, असे त्यांचे मत होते. गंमत अशी की, इंग्रजी भाषकाने, म्हणजे व्हिटनी यांनीच, या कल्पनेला उत्तेजन दिले नाही. जपानी माणसाकडून तिला सडेतोड उत्तर मिळाले ते लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुई यांचे. १८७३ साली त्यांनी इंग्रजीतून जपानी भाषेचे व्याकरण लिहिले. आपल्या भाषेला व्याकरण आहे आणि ती समर्थ आहे, हे दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. प्रस्तावनेत त्यांनी इशारा दिला की, राज्याची आणि ज्ञानाची भाषा परकी झाली तर ज्यांना ती शिकायला सवड आणि पैसा आहे असा वरचा वर्ग आणि बाकीचे सामान्य जन यांच्यात न बुजणारी दरी पडेल.

आपल्याकडे अव्वल इंग्रजीच्या काळात हा वाद वेगळ्या रीतीने निकालात निघाला. १८३५ साली मेकॉले यांच्या टिपणाने उच्च शिक्षणाची भाषा ठरवली गेली आणि ती ठरवणारे आपण नव्हतो. मराठी क्रमिक पुस्तकांच्या भाषेवरसुद्धा मेजर कँडी यांचा हात फिरत असे. येथे फरक ध्यानात घ्यावा लागतो. जपानमध्ये आलेला इंग्रज किंवा अमेरिकी शिक्षक कितीही मोठा असला, तरी तो नोकर होता. जपानी भाषेचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही. कँडी यांनी मराठीची मनापासून सेवा केली यात शंका नाही, परंतु ते राज्यकर्त्यांचे प्रतिनिधी होते. मोरी हे नंतर, १८८५ साली, जपानचे पहिले शिक्षणमंत्री झाले. तेव्हा मात्र त्यांनी इंग्रजीला राष्ट्रभाषा करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. १८८९ च्या फेब्रुवारीत, राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, एका माथेफिरू राष्ट्रवाद्याने त्यांच्यावर सुरीहल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

मात्सुएचा मास्तर

लाफ्काडिओ हर्न यांची कथा या इतिहासाच्या ऐन मध्यावर येते. १८५० साली ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील आयरिश, आई ग्रीक. लहानपणी आईबापांचे छत्र हरपले, सोळाव्या वर्षी एका डोळ्याची दृष्टी गेली. अमेरिकेत त्यांनी वार्ताहर म्हणून दिवस काढले. १८९० साली ते जपानला आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर मात्सुए या आडबाजूच्या गावी माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झाले. वेतन दरमहा १०० येन. आज 'जेट'मधून जाणाऱ्या तरुणाचे आणि हर्न यांचे आयुष्य येथे विलक्षण जुळते. मोठे शहर नाही, भाषा येत नाही, आणि आधार म्हणजे शाळेतला एक इंग्रजी जाणणारा सहकारी. हर्न यांना तो आधार निशिदा सेन्तारो यांचा मिळाला.

'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' या १८९४ च्या ग्रंथात 'एका इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीतून' असे शीर्षक असलेले प्रकरण आहे. विद्यार्थ्यांनी लिहिलेले इंग्रजी निबंध हर्न तेथे मोठ्या आस्थेने वाचतात. त्या निबंधांतील चुकांपेक्षा त्यांमागची मने त्यांना महत्त्वाची वाटतात. परक्या भाषेत लिहिताना मूल आपल्या घरातलेच काहीतरी सांगत असते, हे त्यांना दिसले होते. शिक्षक शिकवायला गेला आणि शिकून आला, असे आपण सहज म्हणून जातो. हर्न यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. मात्सुएतच त्यांचा कोइझुमी सेत्सु यांच्याशी विवाह झाला. सेत्सु यांनी घरी सांगितलेल्या जुन्या कथा हर्न यांनी इंग्रजीत मांडल्या. त्यांतूनच १९०४ चा 'क्वाइदान' हा भूतकथांचा संग्रह सिद्ध झाला. आज जपानी वाचक आपल्याच कथा त्या इंग्रजी ग्रंथाच्या जपानी भाषांतरातून वाचतो.

मात्सुएहून ते १८९१ साली कुमामोतोच्या सरकारी विद्यालयात गेले. तेथे प्रमुख होते ज्यूदोचे जनक कानो जिगोरो. पुढे कोबे येथे त्यांनी पत्रकारिता केली. १८९६ साली त्यांनी जपानी नागरिकत्व पत्करून कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. त्याच वर्षी टोकियोच्या सम्राट विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते सावकाश, साध्या वाक्यांत बोलत. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान शब्दशः उतरवून घेत. हर्न यांच्या मृत्यूनंतर या वह्यांवरूनच त्यांची साहित्यविषयक व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. इंग्रजी साहित्यावरील पुस्तके जपानी विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातून जगापुढे आली, ही घटना वाङ्मयेतिहासात बहुधा दुर्मीळच असावी.

१९०३ साली विद्यापीठाने हर्न यांना निरोप दिला. विद्यार्थ्यांनी चळवळ केली, पण उपयोग झाला नाही. विद्यापीठाचे धोरण स्पष्ट होते. परदेशी शिक्षकांच्या जागी परदेशात शिकून आलेले जपानी शिक्षक आणायचे. हर्न यांच्या बाबतीत हे धोरण फार क्रूर ठरले. जपानी नागरिक झाल्यामुळे त्यांना परदेशी तज्ज्ञाचे वेतन मागण्याचा हक्क राहिला नाही. आणि तरीही विभागाच्या दृष्टीने ते परदेशीच राहिले. पुढील वर्षी वासेदा येथे त्यांनी काही महिने शिकवले आणि २६ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या खुर्चीवर बसलेला मनुष्य

हर्न यांच्या जागी जे नवे अध्यापक आले, त्यांत नात्सुमे सोसेकी होते. आधुनिक जपानी कादंबरीचे हे अग्रणी. त्यांचे आधीचे आयुष्यही परदेशी शिक्षकाच्या सावलीत गेले होते. १८९५ साली ते मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा त्यांना दरमहा ८० येन मिळत. मुख्याध्यापकाचे वेतन होते ६० येन. कारण सोसेकी परदेशी शिक्षकाच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आले होते आणि तरतूद त्या जागेची होती. या गावच्या अनुभवावरून त्यांनी १९०६ साली 'बोच्चान' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक गणिताचा शिक्षक आहे, तर 'लाल सदरा' हे टोपणनाव मिळालेला पाश्चात्त्य विद्येचा दिखाऊ पदवीधर हा खलनायक. त्या शाळेत साहित्याचा पदवीधर मी एकटाच होतो, तेव्हा लाल सदरा म्हणजे मीच असणार, अशी कबुली सोसेकींनी नंतर एका भाषणात विनोदाने दिली. त्या विनोदात कडवटपणाही आहे.

१९०० ते १९०२ ही दोन वर्षे सरकारने त्यांना लंडनला धाडले. अपुरी शिष्यवृत्ती, भाड्याची खोली आणि एकाकीपणा यांनी ते खचले. तेथेच त्यांना एक प्रश्न छळू लागला. इंग्रजी कवितेबद्दल इंग्रज समीक्षकाचे मत आणि माझे मत यांत विरोध आला, तर मी माझे मत सोडून द्यावे काय? का द्यावे? साहित्य म्हणजे काय हे आपल्या बुद्धीने, पायापासून ठरवायचे, असा निर्धार त्यांनी केला. १९०३ साली वर्गात उभे राहिले तेव्हा विद्यार्थ्यांना हर्न यांच्या रसाळ वाणीची सवय होती. सोसेकींनी जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' ही कादंबरी वाचायला घेतली आणि उच्चार, शब्द, अर्थ यांवर काटेकोर प्रश्न विचारू लागले. विद्यार्थी नाराज झाले. त्यांच्या सैद्धांतिक व्याख्यानांतून १९०७ साली 'बुंगाकुरोन', म्हणजे 'साहित्यशास्त्र', हा ग्रंथ तयार झाला. हर्न यांनी विद्यार्थ्यांना साहित्यावर प्रेम करायला शिकवले होते. सोसेकी त्यांना साहित्याविषयी स्वतंत्रपणे विचार करायला सांगत होते. १९०७ मध्येच सोसेकींनी विद्यापीठ सोडून 'आसाही' वृत्तपत्रात लेखकाची नोकरी धरली. इंग्रजी शिक्षकाच्या खुर्चीतून उठलेला हा मनुष्य जपानी कादंबरीकार झाला.

१९११ साली सोसेकींनी भाषाशिक्षणावर जे विचार मांडले, ते भारतीय वाचकाला थबकवणारे आहेत. विद्यार्थ्यांचे इंग्रजी पूर्वीसारखे राहिले नाही, अशी ओरड तेव्हाही होती. सोसेकी म्हणतात की, हे घडणारच होते आणि त्यात वाईट काही नाही. आपल्या वेळी भूगोल, इतिहास, गणित असे सगळेच विषय इंग्रजीतून शिकावे लागत, म्हणून आपले इंग्रजी चांगले झाले. ती स्थिती इंग्लंडच्या अंकित असलेल्या हिंदुस्थानसारखी होती. देशाचे स्वत्व इंग्रजीच्या ज्ञानाच्या बदल्यात देण्याजोगे नाही. आता जपानी शिक्षक जपानी पुस्तकांतून सर्व विषय शिकवू लागले आहेत, तर इंग्रजी मागे पडणे हे शिक्षण सुधारल्याचेच लक्षण होय. हे बोलणारा माणूस इंग्रजीचा द्वेष्टा नव्हता. त्याच्या पिढीत त्याच्याइतके इंग्रजी जाणणारे थोडेच होते. 'वाघिणीचे दूध' ही आपल्या परिचयाची उपमा येथे आठवते. चिपळूणकरांच्या पिढीने ते दूध पिऊन मराठी गद्य समर्थ केले, हे खरे. परंतु सर्व विषयांची पुस्तके, परिभाषा आणि वर्ग मराठीत आणण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती. सोसेकींच्या पिढीच्या पाठीशी ती होती. निशि आमाने यांच्यासारख्या विद्वानांनी तत्त्वज्ञानाला 'तेत्सुगाकु' असा शब्द घडवला. असे शेकडो शब्द विद्यापीठांत, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत रुळले, कारण त्यांच्यावाचून तेथे काम अडत होते.

उच्चाराविना अर्थ

जपानी भाषा ज्ञानभाषा झाल्यावर इंग्रजी ही माहिती मिळवण्याची खिडकी उरली. खिडकीतून पाहायला उच्चार लागत नाही, वाचन पुरते. जपानला त्याची जुनी सवय होतीच. चिनी ग्रंथ वाचताना शब्दांशेजारी खुणा करून ते जपानी वाक्यरचनेच्या क्रमाने लावायचे, ही शतकांची रीत होती. तीच रीत इंग्रजीला लागली. 'याकुदोकु' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत वाक्य शब्दशः फोडून जपानी क्रमाने पुन्हा जुळवतात. अर्थ हाती येतो, पण कानाला भाषा येत नाही. विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षांनी ही पद्धत घट्ट केली.

१९२२ साली शिक्षण खात्याने हॅरल्ड पामर या ब्रिटिश भाषातज्ज्ञांना सल्लागार म्हणून बोलावले. बोलण्यातून भाषा शिकवावी असा त्यांचा आग्रह होता. ते १९३६ पर्यंत राहिले, संशोधन संस्था काढली, शिक्षक तयार केले. परंतु सर्वसाधारण वर्गात बदल थोडाच झाला. दरम्यान, एडमंड ब्लंडन आणि विल्यम एम्प्सन यांच्यासारखे इंग्रज कवी टोकियोत शिकवून गेले. विद्यापीठाच्या वरच्या थरात परदेशी शिक्षकाला मान होता, शाळेत त्याला जागा नव्हती. १९२७ साली फुजिमुरा त्सुकुरु या जपानी साहित्याच्या प्राध्यापकांनी शाळांतून इंग्रजी काढून टाकण्याची मागणी केली. पुढे युद्धकाळात इंग्रजी 'शत्रूची भाषा' ठरली.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या जपानने आपली भाषा जिद्दीने सांभाळली, त्यानेच तैवान आणि कोरिया या आपल्या वसाहतींत शाळांवर जपानी लादली. १९३८ नंतर कोरियातील शाळांतून कोरियन भाषा हद्दपारच होत गेली. सोसेकींना हिंदुस्थानची जी स्थिती नकोशी वाटली, तीच स्थिती जपानने शेजाऱ्यावर आणली. स्वभाषेचा अभिमान आणि दुसऱ्याच्या भाषेविषयीचा आदर हे एकत्र नांदतातच असे नाही, हे जपानचे गुणगान करताना विसरू नये.

पुन्हा परदेशी शिक्षक

१९८७ ची योजना भाषाशिक्षणाच्या गरजेतून जितकी आली, तितकीच राजकारणातून आली. जपानची निर्यात अमेरिकेला बोचत होती आणि जपान आपली दारे बंद ठेवतो, असा आरोप होत होता. त्यावर 'आंतरराष्ट्रीयीकरण' हा त्या दशकाचा परवलीचा शब्द झाला. गृहखात्याने पुढाकार घेतला, परराष्ट्र आणि शिक्षण ही खाती सोबत आली आणि खर्च स्थानिक शासनांमार्फत करायचे ठरले. म्हणून तरुण टोकियोत गोळा न होता बेटांवरच्या, डोंगरांतल्या, कोळीवाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचले. अनेक मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी माणूस पाहिला तो या सहाय्यकाच्या रूपाने.

शाळांत त्याची जागा मात्र अवघडच राहिली. परीक्षा लेखी असताना बोलणाऱ्या माणसाचे करायचे काय? राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी आली ती २००६ साली, म्हणजे योजना सुरू झाल्यावर १९ वर्षांनी. पुष्कळ सहाय्यकांचे काम धडा मोठ्याने वाचून दाखवणे एवढेच होई. 'चालताबोलता टेपरेकॉर्डर' ही उपहासाची उपमा त्यांनी स्वतःलाच दिली. खासगी संभाषणवर्गांत तर शिक्षक हा विक्रीचा माल झाला. 'नोव्हा' ही अशा वर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. एकेकाळी सर्वोच्च मंत्र्याहून अधिक वेतन मिळवणाऱ्या परदेशी तज्ज्ञांचे हे दूरचे वारस होते. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा नियमित विषय झाल्यावर सहाय्यकांची गरज वाढली. त्यांचे नाव मात्र 'सहाय्यक' हेच राहिले.

याचा अर्थ हा सारा खटाटोप निष्फळ ठरला, असा नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत या योजनेतील दोन अमेरिकी सहाय्यक मृत्युमुखी पडले, एक इशिनोमाकी येथे, दुसरा रिकुझेनताकाता येथे. इशिनोमाकीला शिकवणाऱ्या तरुणीच्या आईवडिलांनी मुलीच्या स्मरणार्थ तेथील शाळांना इंग्रजी पुस्तके द्यायचे ठरवले. ती पुस्तके ठेवण्यासाठीची कपाटे एका स्थानिक सुताराने घडवली. त्याची स्वतःची तिन्ही मुले त्या लाटेत गेली होती. हर्न यांना मात्सुएच्या मुलांच्या निबंधांत जे सापडले होते आणि पामर यांच्या पद्धतीत किंवा सरकारी हिशेबात जे कधी मांडता आले नाही, ते या कपाटांपाशी समजते. भाषेचा शिक्षक शेवटी माणसांच्या ओळखीचा धनी असतो. व्याकरणाचे काम देशी शिक्षक करू शकतो, कदाचित अधिक चांगले करू शकतो. पण दूरचा कोणी आपल्या गावात येऊन राहिला, आपल्या मुलांची नावे त्याने पाठ केली, ही गोष्ट पुस्तकातून देता येत नाही.

आपल्यापुरते

जपानकडे पाहून स्फूर्ती घेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महर्षी कर्वे यांना जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका मिळाली आणि १९१६ साली त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यात मातृभाषेला शिक्षणाचे माध्यम केले. कर्वे यांनी जपानकडून नेमकी गोष्ट उचलली. आज आपण उलट चुकीची गोष्ट उचलण्याच्या बेतात आहोत, अशी शंका येते. जपानी मुलाला इंग्रजी बोलता येत नाही, म्हणून त्याला हसणे सोपे आहे. परंतु तो मुलगा अभियांत्रिकी, वैद्यक आणि कायदा आपल्या भाषेत शिकतो, आणि म्हणूनच त्याचे इंग्रजीवाचून अडत नाही. आपल्या मुलाला इंग्रजी बोलावे लागते, कारण तिच्यावाचून त्याची वाट बंद आहे. बाबा तात्सुई यांनी १८७३ साली ज्या दरीचा इशारा दिला होता, ती आपल्या गावोगावच्या शाळांच्या फाटकांशी आता स्पष्ट दिसते.

म्हणून इंग्रजीला विरोध करावा, असे आम्हास सुचवायचे नाही. सोसेकींचे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. इंग्रजी उत्तम यावे, परंतु ती आपल्या घरात सहाय्यक म्हणून यावी. घर चालवण्याची जबाबदारी मराठीने पेलायची, तर तिच्यात शास्त्रे, परिभाषा आणि चांगले पाठ्यग्रंथ हवेत. हे काम करायला आपणास परदेशातून कोणाला बोलावण्याची गरज नाही. मराठीच्या विभागांत बसलेल्या आपण मंडळींनीच ते करायचे आहे.